आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या गुरुजींचा पगार कापायचा कायदा हवा का?

बालाघाटी
लातूर जिल्हा परिषदेने नोव्हेंबर २०२० मध्ये ठराव केला होता. जो कर्मचारी आई-वडिलांना सांभाळत नाही, त्याच्या पगारातले ३० टक्के कापून थेट त्यांच्या खात्यावर जमा करायचे. १२ जणांविरुद्ध तक्रारी आल्या, त्यात ६ शिक्षक होते; काहींचा पगार कापायला सुरुवातही झाली.

माझं म्हणणं असं की हे ठरावावर सोडू नये, विधिमंडळाने कायदा करावा. ठरावाचं काय, सभागृह बदललं की तो फायलीत जातो. आसामने २०१७ मध्ये कायदाच केला: अवलंबून असलेल्या आई-वडिलांसाठी पगारातले १० टक्के, दिव्यांग भावंड असेल तर आणखी ५. तक्रार, सुनावणी आणि वर अपिलासाठी आयोग.

आमच्याकडे मुलगा शिक्षक, सून शिक्षिका, तालुक्याला दुमजली घर. आणि गावात आईचं रेशनकार्ड वेगळं काढून तिला श्रावणबाळ योजनेच्या १५०० रुपयांवर सोडलेलं. महिन्याला ती बँकेच्या पायरीवर बसून पैसे आले का म्हणून विचारते. हे बघवत नाही.

खडूफळा
मी जिल्हा परिषदेचा शिक्षक आहे आणि माझा या कायद्याला ठाम विरोध आहे. आडत्या, ठेकेदार, कारखान्याचा संचालक यांना आई-वडील नसतात का? आमचा पगार 'शालार्थ' या सरकारी ऑनलाइन पगारप्रणालीवर दिसतो, म्हणून सगळ्यांचा हात पहिल्यांदा तिथेच जातो.

एकदा आमचं पगारपत्रक वाचा. व्यवसाय कर, गटविमा, २००५ नंतर लागलेल्यांचे एनपीएसचे (नव्या पेन्शन योजनेचे) १० टक्के, पतसंस्थेचा हप्ता, घराचा हप्ता. शिक्षणसेवकाला तर पहिली तीन वर्षं १६ हजार मानधन. त्यातले ३० टक्के गेले की उरले ११,२००. परजिल्ह्यात खोली भाड्याने घेऊन त्याने खायचं काय?

दुसरं, आणि हे जास्त गंभीर आहे. तक्रारी कशा होतात ते गावात राहणाऱ्याला विचारा. जमीन थोरल्याकडे, वडील थोरल्याकडे, वाटणीचा वाद धाकट्या नोकरीवाल्याशी. अर्जावर अंगठा वडिलांचा आणि मजकूर भलत्याचाच. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी शाळा बघायच्या की आमची भाऊबंदकी निस्तरायची?

नदीकाठ
मी शिक्षिका आहे. सगळे 'मुलगा' धरूनच बोलताय, म्हणून लिहिते. माझं एटीएम कार्ड लग्नानंतर कितीतरी वर्षं माझ्याकडे नव्हतं. माहेरी वडिलांना औषधाला पैसे पाठवायचे तर घरात परवानगी काढावी लागे, आणि बहुतेक वेळा ती मिळत नसे. आम्ही दोघी बहिणीच, भाऊ नाही. माझ्यासारख्या बऱ्याच जणी स्टाफरूममध्ये दबक्या आवाजात हेच सांगतात.

कायदा झाला आणि पगारातूनच परस्पर माहेरी रक्कम गेली, तर मला घरात भांडावं लागणार नाही. पण कायद्यात 'आई-वडील' म्हणजे कर्मचाऱ्याचे स्वतःचे, हे स्पष्ट लिहा. नाहीतर सुनेच्या पगारातून सासू-सासऱ्यांसाठी कापायचे आणि तिच्या आई-बापाला पुन्हा काहीच नाही, असं व्हायला वेळ लागणार नाही.

वकिलीण, परभणी
नवा कायदा कशाला? २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह आणि कल्याण कायदा आहे. प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, निर्वाहभत्ता महिन्याला १० हजारांपर्यंत, ९० दिवसांत निकाल, पैसे दिले नाहीत तर तुरुंगाची तरतूद. मुलगी, मुलगा, नातू, सगळे त्यात येतात, शिक्षकही आणि आडत्याही. सांभाळण्याच्या अटीवर जमीन नावावर करून दिली असेल आणि मुलाने पाठ फिरवली, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं.

लातूरच्या ठरावाबद्दल माझी हरकत हेतूवर नाही. पगार ही संविधानाच्या कलम ३०० अ खाली मालमत्ता आहे. कायद्याच्या आधाराशिवाय ती काढून घेता येत नाही, आणि सर्वसाधारण सभेचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. असा ठराव कोर्टात टिकेल, असं मला वाटत नाही.

बालाघाटी
म्हणूनच कायदा मागतोय ना! २००७ चा कायदा चांगलाच आहे. पण पंच्याहत्तरीच्या म्हाताऱ्याने एसटी बदलत प्रांतकचेरी गाठायची, तारखेला साहेब दौऱ्यावर असले की परत फिरायचं. आदेश हातात पडला तरी मुलगा दोन महिने पैसे देतो आणि तिसऱ्या महिन्यापासून थांबवतो. मग वसुलीसाठी पुन्हा अर्ज. पगारातून कपात झाली तर हा फेरा संपतो.

आडत्याचा पगार कापता येत नाही हे खरं. पण म्हणून जिथे कापता येतो तिथेही म्हातारीला उपाशी ठेवायचं का? शाळेचा पगार लोकांच्या करातून येतो. मुलाला पगार देणारं सरकारच त्याच्या आईला १५०० रुपये देतं, हे मला पटत नाही.

खडूफळा सरांचा शिक्षणसेवकांचा मुद्दा मात्र रास्त आहे. मानधनावरच्यांना यातून पूर्ण वगळावं.

खडूफळा
वगळलं तरी माझा विरोध कायम आहे. कपात करायचीच तर प्रांतांच्या आदेशाने करा आणि ती सगळ्या नोकरदारांना लावा: बँकवाले, महसूलवाले, पोलीस, खासगी कंपनीतले, सगळे. फक्त जिल्हा परिषदेसाठी वेगळा कायदा आला तर संघटना रस्त्यावर येईल, आणि मी त्यात पुढे असेन.

नदीकाठ ताईंनी लिहिलेलं वाचून वाईट वाटलं. पण त्यावर उपाय पगारकपात नाही. पगार कुठल्या खात्यात जमा व्हावा आणि त्याचं कार्ड कुणाकडे राहावं, हे तिचं तिला ठरवता आलं पाहिजे.

नदीकाठ
सर, खातं माझंच होतं. सहीही माझीच होती. तरी पैसे माझे नव्हते. म्हणून म्हणते, रक्कम माझ्या हातात यायच्या आधीच वडिलांकडे जाऊ दे. आणि तक्रार वडिलांनीच केली पाहिजे ही अट नको. मुलीच्या नोकरीला धक्का लागेल या भीतीने ते कधीच अर्ज करणार नाहीत. कर्मचाऱ्याला स्वतः लिहून देऊन कपात सुरू करता यावी, एवढं कलम तरी त्यात घाला.