लघवीचे तासागणिक मोजमाप आधी
सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याच्या अवस्थेत) मूत्रपिंडाला तीव्र इजा झालेल्या रुग्णाच्या मृत्यूचा धोका संगणकीय प्रारूपाने आधीच सांगता येईल, हे मत मला मान्य आहे. मात्र अशी बरीच प्रारूपे बॉस्टनमधील एकाच रुग्णालयाच्या नोंदींवर, म्हणजे ‘मिमिक’ या माहितीसंचावर, बेतलेली असल्यामुळे जळगाव-धुळ्याच्या रुग्णांवर पडताळल्याशिवाय त्यांवर विसंबू नये. मे महिन्यात शेतातून थेट दाखल झालेल्या मजुराचे पूर्वीचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारा टाकाऊ घटक) बहुधा कुठेच नोंदलेले नसते, त्यामुळे तपासणीत आलेला १.८ हा वाढलेला आकडा आजच्या आजारातला की वर्षभरापूर्वीचा, हेच ठरत नाही. अशा वेळी लघवी अधिक भरवशाची : ६० किलो वजनाच्या माणसाला सलग ६ तास ताशी ३० मिलिलिटरहून कमी लघवी झाली, तर क्रिएटिनिन वाढण्याची वाट पाहू नये. (रात्रपाळीच्या सिस्टरने लघवीच्या पिशवीवर दर तासाला पेनाने केलेली खूण किती मोलाची असते, हे मी अनेकदा पाहिले आहे.) मृत्यूचा धोका जोखताना लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन अपुरा पडला की रक्तात वाढणारा घटक), वय आणि रक्तदाब टिकवण्यासाठी लागणारे नॉरअ‍ॅड्रेनालिन हे औषध यांची भर त्यानंतर घालावी. अवयव किती निकामी झाले हे मोजणाऱ्या मूळ सोफा गुणांकनातही लघवी धरली जाते, पण ती दिवसभराची; तोवर धडगाव-अक्कलकुव्यासारख्या दुर्गम भागाकडून आलेल्या रुग्णाला डायलिसिससाठी पुढे पाठवण्याची वेळ निघून गेलेली असू शकते.