मदत हवी आहे: 'रात्रीस खेळ चाले'मधल्या सरितावर कथा लिहितेय, सुतकातलं कोकणी स्वयंपाकघर कसं असतं?

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरची. 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेच्या पहिल्या पर्वातल्या (2016) सरितावर दीर्घकथा लिहायला घेतली आहे आणि काही ठिकाणी अडले आहे. सिंधुदुर्गातलं कुणी असेल, किंवा मालिकेतल्या पात्रांवर आधी लिहिलेलं कुणी असेल, तर कृपया सांगा.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सिंधुदुर्गातलं आकेरी गाव, नाईकांचा वाडा. सुरुवातीलाच अण्णा नाईक जातात. मोठा मुलगा माधव मुंबईहून बायको निलिमाला घेऊन येतो. त्याचा भाऊ दत्ता आणि दत्ताची बायको सरिता गावातच राहिलेले. मग वाड्यात एकेक विचित्र प्रकार सुरू होतात आणि मालिका त्यांच्यामागे धावते.

सरिता म्हणजे तोंडाळ, वाटणीवर डोळा ठेवून असलेली सून. आमच्या घरात ती पडद्यावर आली की सासूबाई हमखास बोटं मोडायच्या. मला मात्र सारखं वाटायचं, अगं, एवढी माणसं वाड्यात गोळा झालीत, त्यांचा चहा, पाणी, अंथरुणं कोण बघतंय? बाकीचे खोल्याखोल्यांतून कुजबुजत फिरतात, पण चुलीपुढून उठायला हिला सवड कुठे आहे?

आणि बाजूला पडलेल्या पात्राला पुरी गोष्ट देता येते, हे मालिकेनेच दाखवलंय. पहिल्या पर्वात अण्णा जवळजवळ हार घातलेल्या फोटोपुरतेच. 2019 ला दुसरं पर्व आलं, गोष्ट मागच्या काळात गेली आणि अण्णांना, त्यांच्या प्रेयसीला, शेवंताला सबंध आयुष्य मिळालं. लोकांनी शेवंतावर किती जीव लावला ते आपण पाहिलंय. सरिताला तसं काही मिळालं नाही, म्हणून हा खटाटोप.

कथा फक्त सुतकाच्या तेरा दिवसांची आहे आणि फक्त स्वयंपाकघर नि मागच्या दाराची. भूत नाही. जे घडतं ते सरिताला भिंतीपलीकडून अर्धंमुर्धं ऐकू येतं.

आता अडचण. आमच्या घरी आजेसासूबाई गेल्या तेव्हा आळीतून पिठलं-भाकरी यायची. शेजारच्या तेलुगू काकू रोज सकाळी पितळी डब्यात भात आणून द्यायच्या. आमटीचं पातेलं कुणाचं, झाकणाला पोचा आलेला डबा कुणाचा, हे सगळं माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या डोक्यात पक्कं. घासून पालथी घातलेली ती भांडी ओट्याच्या कडेला वाढत गेली. एरवी आपण कुणाचं भांडं रिकामं परत करत नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालतो. पण सुतकाच्या घरचं कुणी घेत नाही, मग द्यायचं कसं? जाऊबाई त्या ढिगाकडे बघत होत्या, ते मी विसरलेले नाही. मला तो प्रसंग सरिताला द्यायचाय. नाईकांच्या वाड्यात लोकांची भांडी येऊन पडलीत, ती कुणाकुणाची हे फक्त तिला ठाऊक आहे, आणि आत वाटणीची बोलणी चाललीत.

पण सोलापूरचं सुतक उचलून आकेरीत ठेवलं तर तिकडचा वाचक पहिल्या पानावरच पुस्तक मिटेल. म्हणून विचारते, तुमच्याकडे शेजारी जेवण आणून देतात का? देत असतील तर पेज, भात, की आणखी काही? फोडणी किती दिवस बंद? भांडी परत करायची काही रीत आहे का?

दुसरं, भाषा. निवेदन प्रमाण मराठीत ठेवलंय, संवाद मालवणीत. 'माका', 'तुका', 'खंय', 'कित्याक' एवढं मालिका बघून कानात बसलंय, पण तेवढ्यावर बाई भांडते कशी, रागात वाक्य कुठे तोडते, हे जमत नाही. कुणी दोन पानं वाचून दुरुस्त करून देईल का?

तिसरं मला सगळ्यात अवघड जातंय. सरिताच्या हावरेपणाला कारण दिलं की ती एकदम बिचारी होते. माहेरची गरिबी लिहून पाहिली, वाचताना डोळ्यांत पाणी आलं, पण ती सरिता राहिली नाही. ती हावरीच राहायला हवी, तिने सासूच्या दागिन्यांवर नजर ठेवायलाच हवी, आणि तरी वाचकाला तिची बाजू पटावी. तुम्ही असं पात्र कसं हाताळता? कारण अजिबात न सांगता फक्त कामातून दाखवावं का?

कॉपीराइटचंही विचारून ठेवते. 1957 च्या कायद्यातलं कलम 52 मी वाचलं. खासगी वापर, टीका, समीक्षा यांना त्यात सूट आहे, पण दुसऱ्याच्या पात्रांवर कथा लिहिण्याबद्दल वेगळं काही म्हटलेलं नाही. पैसे मिळवायचे नाहीत, आर्काइव्ह ऑफ अवर ओन या चाहत्यांच्या कथांच्या संकेतस्थळावर टाकायचा विचार आहे. कुणी वाहिनीकडे रीतसर परवानगी मागितली असेल तर अनुभव लिहा.

भर: खाली प्रतिक्रियांत दोघांनी सुचवलंय की नाईकांचा गडी पांडू, त्याच्यावर लिही, तो जास्त लाडका आहे. खरंय, आणि प्रल्हाद कुडतरकरांनी तो उभाही फार सुंदर केला. पण पांडूवर प्रेम करणारे भरपूर आहेत. मी सरितावरच लिहिणार. कुडाळ-सावंतवाडीकडच्या ताईंनी सुतकाच्या जेवणाबद्दल तेवढं आधी सांगा, पुढचं प्रकरण त्यावाचून अडलंय.