पारलिंगी मुलीची पहिली मैत्री: मैत्रिणीच्या आईला सांगावे का?

प्रश्न (एक आई)

माझी मुलगी दहा वर्षांची आहे. जन्माच्या वेळी तिची नोंद मुलगा म्हणून झाली. परंतु बोलायला लागल्यापासून ती स्वतःला मुलगीच म्हणवते, आणि गेल्या वर्षापासून घरात आम्ही सगळे तिने निवडलेल्या नावानेच तिला हाक मारतो. शाळेत मात्र हजेरीपटावरचे जुने नाव चालते. मुलगे तिला खेळायला घेत नाहीत, मुली तिला आपल्यातली मानत नाहीत, आणि मधली सुट्टी ती बहुधा वाचनालयात एकटीने काढते. तिच्या प्रत्येक वहीवर बाहेर जुन्या नावाची पट्टी चिकटवलेली असते आणि शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून खोडलेले तिचे खरे नाव असते.

चित्रकलेच्या वर्गाला ती नव्या नावाने जाते. तिथे तिला एक मैत्रीण मिळाली असून ती पुढच्या आठवड्यात आमच्या घरी येणार आहे. मुलगी खूप आनंदात आहे, तरीही “तिला कळलं तर ती माझ्याशी बोलेल का?” असे रोज विचारते. उद्या कोणी तिसऱ्यानेच सांगण्यापेक्षा आपणच मैत्रिणीच्या आईच्या कानावर घालावे, असे मला वाटते. तसे करावे का?

उत्तर १ (शालेय समुपदेशक)

आपली काळजी रास्त आहे, परंतु मुलीला न विचारता सांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ही माहिती तिची आहे. ती कोणाला, केव्हा आणि किती सांगायची हे तिच्याच हाती राहिले पाहिजे. आपल्या पाठीमागे मोठ्यांनी आपल्याविषयी बोलून घेतले, हे मुलाला कळले की त्याचा पहिला विश्वास घरावरून उडतो, आणि तो परत मिळवणे नव्या मैत्रीपेक्षाही अवघड असते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात मुलांचे म्हणणे ऐकले जाण्याचा आणि त्यांच्या खासगीपणाचा हक्क अनुक्रमे बाराव्या आणि सोळाव्या कलमात दिलेला आहे. तो अशा घरगुती प्रसंगीही लक्षात ठेवण्यासारखा आहे.

अजून सांगितले नाही म्हणजे आपण मैत्रिणीला फसवत आहोत, असे आपल्या मुलीला वाटत असण्याची शक्यता आहे. तसे नाही, हे तिला आपल्या तोंडून स्पष्ट ऐकू द्या. पुढेमागे सांगावेसे वाटले तर वापरता येतील अशी दोन-तीन वाक्ये तिच्यासोबत बसून तिच्याच शब्दांत तयार करा: “मी जन्मले तेव्हा सगळ्यांना मी मुलगा वाटले, पण मी मुलगी आहे. हे मी सगळ्यांना सांगत नाही.” त्याचबरोबर “मला आत्ता याबद्दल बोलायचं नाही” हे वाक्यही मोठ्याने म्हणण्याचा सराव करून घ्या, कारण ते तिला जास्त वेळा लागेल.

उत्तर २ (पारलिंगी पुरुष)

मला मुलगी म्हणून वाढवले गेले, त्यामुळे वाचनालयातली ती मधली सुट्टी मला चांगली ठाऊक आहे. माझ्या अनुभवात विश्वास सांगण्याच्या क्षणी निर्माण होत नाही. मुले तो आधीच पारखून घेतात. मी माझ्या मित्राला पहिल्यांदा एक लहानसे गुपित सांगितले होते, की मला दिवा मालवून झोपता येत नाही, आणि त्यानंतर बरेच दिवस वर्गात कोणी त्यावरून हसते का, हे पाहत राहिलो. कोणीच हसले नाही, तेव्हा मोठी गोष्ट सांगितली. त्याने एकच विचारले: “मग संघ पाडताना तू आमच्याकडे येशील ना?” माझ्या शरीराविषयी त्याने काहीही विचारले नाही, आणि मला त्याचे मोल आजही वाटते.

म्हणून आपल्या मुलीला घाई करू नका. मैत्रीण येईल तेव्हा दोघींना मिळून करण्याजोगे काहीतरी द्या, एखादा मोठा कागद आणि रंग पुरेत, आणि आपण दुसऱ्या खोलीत जा. हात कामात असले की एकट्या पडलेल्या मुलांना बोलणे सोपे जाते. भिंतीवरचे कोणते फोटो राहू द्यायचे आणि वह्या कुठे ठेवायच्या, हेही आदल्या दिवशी तिलाच विचारा.

उत्तर ३ (पारलिंगी मुलाच्या मित्राची आई)

मी दुसऱ्या बाजूची आई आहे. माझ्या मुलाला आपल्या मित्राविषयी माझ्या कितीतरी आधी कळले होते, परंतु कोणाला सांगणार नाही असे वचन दिले म्हणून तो मलाही बोलला नाही. मला याचे वाईट वाटले नाही. उलट त्याने शब्द पाळला याचा अभिमान वाटला. आपल्या मुलीच्या संमतीने कधी बोलायची वेळ आली, तर कृपा करून क्षमा मागण्याच्या सुरात बोलू नका. समोरची व्यक्ती पुष्कळदा आपल्या स्वरावरूनच ठरवते की ही काळजीची बाब आहे की साधी ओळख.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांची मनापासून आभारी आहे. मैत्रिणीच्या आईशी मी बोलणार नाही. पण सांगितल्यावर ती मैत्रीण खरोखरच दुरावली, तर काय करावे?

शालेय समुपदेशक

तसे होऊ शकते, आणि त्या वेळी “जाऊ दे, दुसरी मिळेल” असे म्हणू नये. तिला दुःख करू द्यावे. मात्र तिचा सगळा आधार एकाच मैत्रीवर राहू नये, यासाठी तिची तयारी असेल तर वर्गशिक्षकांशी नावाविषयी आताच बोलावे. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की घर, शाळा, काम आणि मित्रमंडळ यांपैकी जितक्या अधिक ठिकाणी पारलिंगी तरुणांना निवडलेले नाव वापरता येत होते, तितकी त्यांच्यात नैराश्याची लक्षणे आणि आत्महत्येचे विचार कमी होते.

तिची झोप किंवा जेवण बिघडले, किंवा “मी नसते तर बरं झालं असतं” अशा अर्थाचे काही ती बोलली, तर त्याच दिवशी तज्ज्ञांची मदत घ्या. मुलीला बदलून देतो असे म्हणणाऱ्याकडे मात्र तिला नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात पारलिंगी असणे मानसिक विकारांत मोडत नाही, आणि पहिल्या भेटीतच तज्ज्ञांना याविषयी त्यांचे मत विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.