मरिना बेचे तीन मनोरे आणि शेल्डन ॲडेल्सन : सोसायटी ग्रुपवरील चर्चा

बी-२०४ : सर्वांना नमस्कार. मुलीची तीन दिवसांची परिषद होती म्हणून तिच्यासोबत सिंगापूरला गेले होते. तीन मनोऱ्यांवर नौकेसारखी ठेवलेली गच्ची दिसते, ते मरिना बे सॅन्ड्सचे छायाचित्र मी काल येथे टाकले. त्यावर ए-५०१ मधील काकांनी 'ही जुगाराची कमाई आहे' एवढेच लिहिले. मला तेथे सभागृहे, दुकाने आणि एक संग्रहालय दिसले. जुगाराची जागा काही दिसली नाही. काकांनी थोडे सविस्तर लिहावे, ही विनंती.

ए-५०१ : ताई, ती तुम्हाला दिसली नाही, यातच मालकाचे कसब आहे. ही वास्तू उभारणारे शेल्डन ॲडेल्सन १९३३ साली बोस्टनच्या डॉर्चेस्टर भागात, टॅक्सी चालवणाऱ्या वडिलांच्या घरी जन्मले. बाराव्या वर्षी त्यांनी काकांकडून २०० डॉलर उसने घेऊन वर्तमानपत्रे विकण्याचा धंदा सुरू केला, अशी त्यांची कथा सांगतात. मात्र मला त्या बालपणापेक्षा १९७९ साल महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी त्यांनी लास वेगासमध्ये 'कॉमडेक्स' हे संगणकांचे प्रदर्शन सुरू केले. जागा घाऊक भावाने भाड्याने घ्यायची आणि कंपन्यांना ती चौरस फुटांच्या हिशेबाने चढ्या दराने द्यायची, असा तो सरळ व्यवहार होता. १९९५ मध्ये हा व्यवसाय जपानच्या सॉफ्टबँकेने सुमारे ८६ कोटी डॉलरना विकत घेतला.

या प्रदर्शनाने त्यांना एक गोष्ट शिकवली. जुगारी पाहुणा शुक्रवारी संध्याकाळी येतो आणि रविवारी निघून जातो. मधले चार दिवस खोल्या रिकाम्या राहतात. परिषदेला येणारा माणूस मात्र कामाच्या दिवसांत येतो, खोलीचे भाडे त्याची कंपनी भरते, आणि सायंकाळी त्याच्या हाती वेळ असतो. म्हणून १९८९ मध्ये लास वेगासमधील जुने सॅन्ड्स हे कॅसिनो-हॉटेल घेतल्यावर त्यांनी आधी त्याच्या शेजारी भव्य प्रदर्शनगृह बांधले. पुढे १९९६ मध्ये ते हॉटेल सुरुंग लावून पाडले आणि १९९९ मध्ये तेथे व्हेनिसच्या कालव्यांची नक्कल असलेले 'व्हेनेशियन' उघडले.

सी-१०२ : काका, हिशेब तपासणे हा माझा व्यवसाय असल्याने एक शंका विचारतो. खोल्या भरल्या तरी जुगारात मालक हरूही शकतो. मग एवढे कर्ज काढून बांधकाम करण्याचे धाडस कसे होते?

ए-५०१ : एका रात्रीपुरता हरतो, वर्षभरात हरत नाही. आपल्याकडच्या अड्ड्यावर मालक नाल, म्हणजे डावातला आपला वाटा, काढतो ती सर्वांना दिसते. कॅसिनोत ती आकड्यांतच मुरवलेली असते. युरोपीय रुलेटच्या चक्रावर शून्य धरून ३७ घरे असतात, पण एका घरावर पैसे लावून जिंकल्यास ३५ पटच नफा मिळतो; बरोबरीच्या हिशेबाने तो ३६ पट हवा. हा फरक सरासरी २.७ टक्क्यांचा होतो. अमेरिकी चक्रावर दुहेरी शून्याचे आणखी एक घर असल्याने तो ५.२६ टक्क्यांवर जातो. त्यामुळे मालकाला चिंता एकाच गोष्टीची असते, ती म्हणजे पुरेशी माणसे पुरेसा वेळ खेळत राहतील की नाही.

खरी जोखीम परवान्याची आणि कर्जाची. चीनच्या मकाव या प्रदेशात जुगाराच्या धंद्यावरील उद्योगपती स्टॅन्ली हो यांची मक्तेदारी संपून २००२ मध्ये नवे परवाने दिले गेले, त्यांत ॲडेल्सन यांना स्थान मिळाले. २००४ च्या मे महिन्यात उघडलेल्या सॅन्ड्स मकावचा सुमारे २६.५ कोटी डॉलरचा खर्च जेमतेम वर्षभरात वसूल झाला. मकावमध्ये जुगाराच्या उत्पन्नावर सुमारे ३९ टक्के कर भरावा लागे, तर लास वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडात तो जास्तीत जास्त ६.७५ टक्के आहे, आणि तरीही पैसा मकावमध्येच अधिक झाला. मग त्यांनी तैपा आणि कोलोआन या बेटांमध्ये भराव घालून तयार केलेल्या जमिनीवर २००७ मध्ये दुसरे व्हेनेशियन उभारले. लगेच २००८ चे जागतिक आर्थिक संकट आले आणि १४० डॉलरच्या वर गेलेला त्यांच्या 'लास वेगास सॅन्ड्स' कंपनीचा समभाग २००९ च्या मार्चमध्ये २ डॉलरच्याही खाली आला. त्या काळात त्यांनी आपल्या कुटुंबाचे सुमारे १०० कोटी डॉलर कंपनीत घातले. धाडस म्हणाल तर ते हे.

डी-३०३ : काका, आपले लेखन माहितीपूर्ण आहे; परंतु कौतुकाचा सूर मला पटत नाही. याच गृहस्थांनी २०१२ मध्ये फोर्ब्स मासिकाला सांगितले होते की, अतिश्रीमंतांनी निवडणुकांवर प्रभाव टाकावा हे आपल्याला मान्य नाही, पण कायद्याने ते शक्य आहे तोवर आपण ते करणारच. त्या वर्षीच्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांनी रिपब्लिकन पक्षाच्या आधी न्यूट गिंगरिच आणि नंतर मिट रॉम्नी यांच्यामागे पैसा उभा केला. २०१५ च्या डिसेंबरमध्ये लास वेगासचे सर्वांत मोठे वर्तमानपत्र १४ कोटी डॉलरना विकले गेले, तेव्हा खरेदीदाराचे नाव गुप्त ठेवले होते. ते ॲडेल्सन कुटुंब आहे, हे त्याच पत्राच्या वार्ताहरांनी शोधून काढले. कामगार संघटनेला त्यांनी व्हेनेशियनमध्ये शिरू दिले नाही. इंटरनेटवरील जुगाराविरुद्ध मात्र मुलाबाळांच्या भवितव्याची काळजी वाहत मोहीम चालवली. स्वतःच्या गल्ल्याला धक्का लागताच नीती आठवणे, याला आपल्या भाषेत काय म्हणतात ते मी येथे लिहीत नाही.

ए-५०१ : वहिनी, आक्षेप रास्त आहे. माझ्या लेखनात कौतुक डोकावले असेल तर ते हिशेबाचे, माणसाचे नव्हे. तरीही सर्वच राजकारण गल्ल्यासाठी होते, असे म्हटले तर काही गोष्टींचा उलगडा होत नाही. त्यांचा रिपब्लिकन पक्ष गर्भपाताच्या हक्काविरुद्ध असताना ते त्या हक्काच्या बाजूने होते. २०१४ मध्ये स्थलांतरविषयक कायदे सुधारावेत म्हणून वॉरन बफे आणि बिल गेट्स यांच्यासोबत त्यांनी वर्तमानपत्रात संयुक्त लेख लिहिला. ॲडेल्सन ज्यू होते, आणि इस्रायलमध्ये २००७ पासून 'इस्रायल हायोम' हे दैनिक त्यांच्या पैशाने फुकट वाटले जाई, ते काही नफ्यासाठी नव्हते. २०१६ मध्ये ट्रम्प यांना मदत केल्यावर २०१८ च्या मे महिन्यात अमेरिकेचा दूतावास जेरुसलेममध्ये हलवला गेला, तेव्हा त्या सोहळ्याला ॲडेल्सन पती-पत्नी हजर होते. २०२१ च्या जानेवारीत ॲडेल्सन यांचे निधन झाले आणि दफनही जेरुसलेममध्येच झाले. गल्ला आणि श्रद्धा या दोन्हींसाठी सत्तेकडे जाण्याची वाट त्यांना एकच माहीत होती, आणि ती देणगीची होती.

डी-३०३ : श्रद्धा खरी असेल, पण अशा श्रद्धेला मतदारापेक्षा मोठा आवाज मिळतो, हीच माझी तक्रार आहे.

सचिव : एक स्थानिक संदर्भ नोंदवतो. महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये कॅसिनोंचा कायदा केला होता. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच झाला. गोव्यात मांडवीच्या बोटींवर कॅसिनो आहेत.

सी-१०२ : सचिव महोदय, बोटीवर प्रदर्शनगृह मावत नाही, त्यामुळे काकांनी सांगितलेला निम्मा धंदा तेथे नाहीच. सिंगापूरने तर २००६ मध्ये मरिना बेची निविदा देताना परिषदांच्या सोयींवरच भर दिला होता, आणि स्वतःच्या नागरिकांना कॅसिनोत शिरण्यासाठी दिवसाला १०० सिंगापूर डॉलरचे शुल्क लावले, जे २०१९ पासून १५० झाले. परदेशी पाहुण्याला मात्र प्रवेश फुकट आहे.

ए-५०१ : बरोबर. आणखी एक गंमत म्हणजे निधनानंतर कंपनीने वेगासमधील हॉटेले आणि प्रदर्शनगृह ६२५ कोटी डॉलरना विकून टाकले. आज 'लास वेगास सॅन्ड्स' या कंपनीचा लास वेगासमध्ये एकही कॅसिनो नाही.

बी-२०४ : काका, आता लक्षात आले. मुलीची परिषद मंगळवार ते गुरुवार होती, आणि खोलीचे भाडे तिच्या कंपनीने भरले होते.