'शेमलेस' बघताना हसू कुठे थांबलं?

मंडळी, अमेरिकन टीव्ही मालिका 'शेमलेस'चे (२०११ ते २०२१) अकरा सीझन परत बघून झाले. शिकागोच्या साउथ साइडचं गॅलागर कुटुंब, दारुडा बाप फ्रँक, परागंदा आई मोनिका आणि सहा पोरांतली थोरली, घराचा गाडा ओढणारी फिओना. पहिल्याच भागात नाश्त्याच्या वेळी वीजबिलासाठी डबा फिरतो, प्रत्येक पोर आपापली कमाई टाकतं. रडारड नाही, भाषण नाही. तिथेच मी अडकले. आमच्याकडे तो डबा नव्हता, पण 'या महिन्यात कोणाची फी थांबवायची' ही बैठक असायची. तुमचे अनुभव लिहा. न बघितलेल्यांनी जपून, पुढे सगळं फुटणार आहे.

मधलीसुट्टी: तिसऱ्या सीझनचं कोर्ट. निनावी तक्रार होते, बालकल्याणवाले पोरांना वेगवेगळ्या घरी नेऊन ठेवतात आणि ती तक्रार केलेली असते खुद्द फ्रँकने! मग फिओना कायदेशीर पालकत्व मागते. आई गेल्यावर धाकट्यांच्या पालकसभेला मीच जायचे. बाई माझ्या मागे बघत विचारायच्या, "घरातलं मोठं कोणी आलं नाही का?" फिओनाला निदान न्यायाधीशांनी तोंडावर सांगितलं की हो, तूच मोठी. मला ते कोणी सांगितलं नाही, मी आपली सह्या करत राहिले. आणि एक, ती काही देवी नाही. चौथ्या सीझनमध्ये तिच्याच निष्काळजीपणाने सगळ्यात धाकट्या लियामच्या पोटात कोकेन जातं. मालिकेने तिला तिथे पाठीशी घातलं नाही, हे मला फार आवडलं.

निनावीच बरा: मला फ्रँक एकदाही विनोदी वाटला नाही. विल्यम एच. मेसीने काम इतकं चोख केलंय की राग येतो. असे बाप सतत मारझोड करत नाहीत हो. ते गोड बोलतात, जगाचं तत्त्वज्ञान सांगतात, पाहुण्यांना आवडतात. चौथ्या सीझनच्या शेवटी नवं यकृत मिळालेला फ्रँक गोठलेल्या मिशिगन सरोवरावर उभा राहून पुन्हा बाटली तोंडाला लावतो. आमचे बाबा अतिदक्षता विभागातून घरी आले तेव्हा म्हणाले होते, "बघ, अजून पचतंय मला." बाकीचे हसले होते.

चहाबाज: गॅलागरांचे शेजारी केव्ह आणि व्ही. अख्ख्या मालिकेतला धड संसार तेवढाच! बाकी चालू द्या.

काठावरची: दुसऱ्या सीझनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या दिवशी मोनिका स्वयंपाकघरात मनगट कापून घेते, तेव्हा मी लॅपटॉप मिटला होता. पुढे तिच्या मुलाला, इयनलाही आईचाच बायपोलर आजार (मन कधी टोकाच्या उत्साहात, कधी टोकाच्या निराशेत) निघतो. गोळ्यांनी आपण बधिर होतो, आपण आपले राहत नाही, ही त्याची तक्रार माझ्या भावाच्या तोंडून मी शब्दशः ऐकलीय. त्याच्या जोडीदाराची, मिकीची तगमगही खरी आहे. जवळच्या माणसाला कळतच नाही की हा आज आनंदात आहे की आजार चढतोय. फक्त मालिकेत काही भागांत माणूस सावरतो. घरी डोस बसेपर्यंतच किती काळ जातो ते विचारू नका.

लेकशोर: शिकागोत राहतो म्हणून एक माहिती. गोष्ट साउथ साइडची असली तरी बाहेरून दिसणारं घर वेस्ट साइडला, नॉर्थ लॉन्डेलमध्ये आहे. आतले प्रसंग कॅलिफोर्नियात, बरबँकच्या स्टुडिओतले. पाहुणे आले की मला तिकडे न्यावं लागतं. लोक फुटपाथवर उभे राहून 'गरिबांच्या घराचे' फोटो काढतात आणि आजूबाजूला माणसं खरोखर राहत असतात. मला हल्ली गाडीतून उतरावंसं वाटत नाही.

जुनीखोड: मूळ ब्रिटिश मालिका कोणीच कशी काढली नाही? चॅनल फोर, २००४, मँचेस्टरची काल्पनिक चॅट्सवर्थ इस्टेट ही वसाहत. लेखक पॉल ॲबट स्वतः बर्नलीच्या अशाच घरातला. आई घर सोडून गेली, मग बापही सोडून गेला, सतरा वर्षांच्या गरोदर बहिणीने भावंडं सांभाळली. म्हणून तिकडचा विनोद वेगळा लागतो, तो आतल्या माणसाचा आहे. शिवाय ब्रिटनमध्ये दवाखान्याच्या बिलाची धास्ती नाही. अमेरिकेत गोष्ट नेली की ती धास्ती आपोआप आत येते. तिथली फिओना मात्र दोनच सीझन मुख्य भूमिकेत होती.

मधलीसुट्टी: @जुनीखोड, बघते. अमेरिकन फिओना नवव्या सीझनला (२०१९) पन्नास हजार डॉलर घरच्यांसाठी ठेवून विमानात बसते. त्यावर 'स्वार्थी' म्हणणारे बरेच भेटले, त्यातले बहुतेक शेंडेफळ! मी घर सोडलं तेव्हा ठेवायला पैसे नव्हते. कोणतं बिल कधी भरायचं याची यादी फ्रिजवर चिकटवून निघाले. दुसऱ्याच दिवशी धाकट्याचा फोन, "ताई, फ्रिज कुठे आहे ते कळलं, पण पैसे कुठेयत?"