तारण म्हणजे एकदाच मिळालेला निवाडा की जन्मभर चालणारे नवीकरण?

पायवाट (मूळ मांडणी) :

‘तुमचे तारण झाले आहे का, आणि झाले असेल तर केव्हा?’ हा प्रश्न आपल्याकडच्या अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत आवर्जून विचारला जातो, आणि ज्याला नेमका दिवस सांगता येत नाही त्याच्या विश्वासाकडे संशयाने पाहिले जाते. या प्रश्नामागची कळकळ मी नाकारत नाही. परंतु तारण म्हणजे भूतकाळातील एका क्षणी पूर्ण झालेली आणि मरणानंतरच्या माझ्या एकट्याच्या भवितव्यापुरती असलेली गोष्ट, अशी जी कल्पना त्यात गृहीत धरलेली असते, ती मला अपुरी वाटते. बायबलचे म्हणणे याहून बरेच व्यापक आहे.

निर्गमाच्या चौदाव्या अध्यायात मोशे लोकांना सांगतो की भिऊ नका, उभे राहा आणि परमेश्वर आज तुमचे कसे तारण करतो ते पाहा. समोर समुद्र आहे, मागे फारोचे रथ आहेत, ऐकणारे लोक कालपर्यंत विटा पाडणारे गुलाम होते, आणि त्या दिवशीच्या तारणात मरणोत्तर जीवनाचा उल्लेखही नाही. शास्ते या पुस्तकात देव ज्यांना उभे करतो ते लोकांना शेजारच्या सत्तांच्या जाचातून सोडवतात. स्तोत्रकर्ता आजारातून, खोट्या आरोपातून आणि मृत्यूच्या दारातून सुटण्यासाठी धावा करतो. नव्या करारात बंधनाचे मूळ अधिक खोलवर दाखवले आहे, कारण येशू आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील असे मत्तयाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले जाते, पण म्हणून तारणाचा आवाका आकसत नाही. जकातदार जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे बोलतो, तेव्हा येशू म्हणतो की आज या घराला तारण प्राप्त झाले आहे. नव्या करारातील अनेक पत्रे लिहिणारा प्रेषित पौल तर तिन्ही काळांत बोलतो : इफिसकरांस तो तुमचे तारण झालेले आहे असे लिहितो, करिंथकरांस तारणप्राप्ती होत असलेल्या आपणांविषयी लिहितो, आणि रोमकरांस सांगतो की आपण विश्वास ठेवला त्या वेळेपेक्षा आता तारण अधिक जवळ आले आहे.

म्हणूनच याकोबाच्या पत्रातील दुसरा अध्याय मला परिशिष्टासारखा वाचता येत नाही. एखादा भाऊ किंवा बहीण उघडी असून तिला रोजचे अन्न मिळत नाही, आणि तिला ‘सुखी असा, ऊब घ्या, तृप्त व्हा’ असे नुसते म्हटले जाते, तर अशा बोलण्याचा आणि अशा विश्वासाचा काय उपयोग, असे तो विचारतो. जीवन न बदलणाऱ्या विश्वासाला तारण म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हा माझा प्रश्न आहे.

शिलालेख :

आपण दिलेली वचने खरी आहेत, पण त्यांचा क्रम आपण पुरेसा लक्षात घेतलेला नाही, आणि या विषयात सगळे काही क्रमावर अवलंबून आहे. निर्गमात समुद्र चौदाव्या अध्यायात दुभंगतो आणि दहा आज्ञा विसाव्यात येतात. त्या आज्ञांची सुरुवातही ‘मी तुला मिसर देशातून बाहेर आणले’ या वाक्याने होते. सुटका आधी झाली, आज्ञापालन नंतर मागितले गेले. जक्कयाचेही तसेच आहे. तो दानाविषयी बोलतो ते आठव्या वचनात, पण येशू झाडाखाली थांबून त्याला नावाने हाक मारतो आणि मला आज तुझ्या घरी उतरायचे आहे असे सांगतो ते पाचव्या वचनात. त्या क्षणापर्यंत जक्कयाने एक नाणेही परत केलेले नव्हते.

रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल आणखी पुढे जातो. जो कर्मावर विसंबत नाही, तर अभक्ताला नीतिमान ठरवणाऱ्यावर विश्वास ठेवतो, त्याचा विश्वास नीतिमत्त्व असा गणला जातो, असे तो लिहितो. देव सुधारलेल्या माणसाला नव्हे, तर अभक्ताला नीतिमान ठरवतो, हे त्या वाक्याचे सामर्थ्य आहे. येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या गुन्हेगाराजवळ एकाही सत्कर्मासाठी वेळ उरलेला नव्हता, तरी त्याला त्याच दिवशी येशूबरोबर सुखलोकात असण्याचे अभिवचन मिळाले. सोळाव्या शतकातील प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेचे प्रवर्तक मार्टिन ल्यूथर हे त्याआधी एर्फुर्टच्या मठात उपास, जागरणे आणि वारंवार पापकबुली यांतून शांती शोधत होते. ज्या माणसाने प्रयत्नांत कसूर केली नाही त्याला ती मिळाली नाही, आणि रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायाने दिली. तारण हे चालू असलेले नवीकरण आहे असे सांगितले की सद्सद्विवेक असलेला माणूस लगेच विचारतो, ‘मग माझे पुरेसे झाले आहे का?’ या प्रश्नाला आपल्या मांडणीत उत्तर नाही.

वसई किनारा :

मी कॅथलिक आहे, म्हणून येथे एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. आमच्याकडे माणूस सत्कर्मांनी तारण कमावतो असे शिकवले जाते, हा समज प्रॉटेस्टंट बंधुभगिनींमध्ये फार खोलवर रुजलेला आहे आणि तो चुकीचा आहे. धर्मसुधारणेला उत्तर देण्यासाठी भरलेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या ट्रेंटच्या परिषदेने जानेवारी १५४७ मध्ये या विषयावर जो निर्णय दिला, त्याचा पहिलाच नियम असा आहे की देवाच्या कृपेवाचून केवळ स्वतःच्या कर्मांनी मनुष्य देवापुढे नीतिमान ठरू शकतो असे म्हणणाऱ्याचा धिक्कार असो. नीतिमान ठरण्यापूर्वीचा विश्वास किंवा कर्म यांपैकी काहीही ती कृपा मिळवून देत नाही, असेही त्याच निर्णयात सांगितले आहे. माणूस स्वतःच्या प्रयत्नाने चांगला होऊ शकतो असे म्हणणाऱ्या पेलागिउस यांच्याविरुद्ध पाचव्या शतकात ऑगस्टीन यांनी जे मांडले त्याच्याशी हे सुसंगत आहे.

मतभेद आहे तो त्यापुढे. ट्रेंटच्या मते देव नीतिमान म्हणतो तेव्हा तो माणसाला आतून नवा करतो. पापांची क्षमा आणि अंतःकरणाचे पवित्रीकरण या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. प्रभूने लाजराला बाहेर ये म्हटले तेव्हा लाजर बाहेर आला. देवाचा शब्द नुसता नोंद करून थांबत नाही, म्हणून शिलालेख यांनी निवाडा आणि नवीकरण यांच्यात घातलेली भिंत मला मान्य नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि कॅथलिक ख्रिस्तसभा यांनी नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या आणि त्यात मान्य केले की आपल्या कोणत्याही गुणवत्तेमुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासात देव आपला स्वीकार करतो, आणि पवित्र आत्मा आपली अंतःकरणे नवी करून आपल्याला सत्कर्मांसाठी बोलावतो. पुढे २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांची जागतिक संघटनाही त्यात सामील झाली.

शिलालेख :

घोषणापत्राचे मोल मी जाणतो, पण त्याने वाद संपवला असे म्हणणे घाईचे होईल. त्यावर सह्या होण्यापूर्वीच जर्मनीतील शंभराहून अधिक प्रॉटेस्टंट प्राध्यापकांनी जाहीर विरोध नोंदवला होता. विश्वास ठेवणारा एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो, या ल्यूथरच्या मुद्द्यावर रोमचीही १९९८ मध्ये हरकत होती आणि त्यासाठी वेगळे पुरवणीपत्र जोडावे लागले. हा मुद्दा किरकोळ नाही. माझे नीतिमत्त्व माझ्यात झालेल्या बदलावर उभे असेल, तर तो बदल ज्या दिवशी मला दिसत नाही त्या दिवशी मी कशावर उभा राहू? ते ख्रिस्तात असेल, तर माझ्या सर्वांत वाईट दिवशीही ते ढळत नाही.

पायवाट यांना याकोबाविषयी इतकेच सांगतो की पौल आणि याकोब दोघेही उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायातील एकच वचन घेतात : अब्राहामाने विश्वास ठेवला आणि तो त्याला नीतिमत्त्व असा गणण्यात आला. पौल विचारतो की हे केव्हा घडले, आणि उत्तर देतो की सुंतेपूर्वी. याकोब दाखवतो की हे कशात पूर्णत्वास गेले, आणि त्यासाठी बाविसाव्या अध्यायातील इसहाकाच्या अर्पणाकडे बोट दाखवतो. देवापुढे स्वीकार कशाने होतो हा पहिला प्रश्न. खरा विश्वास ओळखावा कसा हा दुसरा. ल्यूथर याकोबाच्या पत्राविषयी कठोर बोलले हे खरे आहे, पण विश्वास ही जिवंत आणि सतत कार्यरत गोष्ट असून तिला सत्कर्म केल्यावाचून राहवत नाही, असे रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत लिहिणारेही तेच होते.

प्रश्नचिन्ह :

मी ख्रिस्ती नाही, पण बायबल आस्थेने वाचतो. आपण सर्वजण ज्या पायावर वाद घालत आहात तोच मला समजत नाही. एका निरपराध माणसाच्या मरणाने दुसऱ्यांचा अपराध कसा फिटतो? आपल्याच धर्मग्रंथात यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे की मुलगा बापाच्या पातकाचा भार वाहणार नाही आणि बाप मुलाच्या पातकाचा भार वाहणार नाही. कोणत्याही न्यायालयाने अपराध्याऐवजी दुसऱ्याला शिक्षा केली तर त्याला आपण अन्यायच म्हणू. अशा न्यायाला कृपा म्हणायचे कसे?

पायवाट :

हा आक्षेप गंभीर आहे आणि केवळ न्यायालयाच्या प्रतिमेत राहून त्याला उत्तर देता येईल असे मला वाटत नाही. ती प्रतिमा बायबलमध्ये आहे, पण एकटी नाही. इब्री लोकांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्त मरणाच्या भयाने जन्मभर दास झालेल्यांना सोडवण्यासाठी रक्तमांसाचा भागीदार होतो. कलस्सैकरांस पत्रात तो वधस्तंभावर सत्तांना नि:शस्त्र करतो. चौथ्या शतकात आलेक्झांड्रियाच्या अथनासियस यांनी प्रामुख्याने असे मांडले की माणसाला लागलेली मरणाची कीड दूर करून त्याला देवाच्या जीवनात सहभागी करण्यासाठी शब्द, म्हणजे देवाचा पुत्र, देहधारी झाला, आणि पौर्वात्य ख्रिस्तसभांचा भर आजही त्यावर आहे. पापाने दुखावलेल्या देवाच्या मानाची भरपाई ही मांडणी धर्मपंडित अन्सेल्म यांनी अकराव्या शतकाच्या अखेरीस केली. आज बहुतेक प्रवचनांत ऐकू येणारी पर्यायी शिक्षेची, म्हणजे आपली शिक्षा ख्रिस्ताने आपल्याऐवजी भोगली ही, मांडणी त्यानंतर धर्मसुधारणेच्या काळात ठळक झाली.

शिलालेख :

येथे मला पायवाट यांना थांबवावे लागेल, कारण पर्यायी प्रायश्चित्त सोळाव्या शतकात उगवले असा ग्रह होऊ शकतो. ‘तो आमच्या अपराधांमुळे घायाळ झाला’ हे यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात आहे. प्रश्नचिन्ह यांच्या आक्षेपाला उत्तर असे आहे की वधस्तंभावर देव कोणा तिऱ्हाइताला शिक्षा करत नाही. देव स्वतः ख्रिस्तामध्ये जगाचा आपल्याशी समेट करत होता, असे पौल म्हणतो, आणि माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी आपण होऊन तो देतो, असे योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो. ज्याचा अपराध झाला आहे तोच क्षमेची किंमत सोसतो. शिवाय विश्वास ठेवणारा ख्रिस्तापासून वेगळा उभा नसतो. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाप्रमाणे तो त्याच्याबरोबर मेलेला असतो. यहेज्केलाने नाकारलेली परक्याची शिक्षा ती ही नव्हे.

पायवाट :

मग आपण माझ्याच दाराशी आलात, असे मी आदरपूर्वक म्हणेन. त्या सहाव्या अध्यायातील चौथे वचन पूर्ण वाचा : आपण त्याच्याबरोबर पुरले गेलो ते अशासाठी की आपणही नव्या जीवनात चालावे. निवाड्याला न्याय्य ठरवण्यासाठी आपल्याला ख्रिस्ताशी एकरूप होण्याचा आधार घ्यावा लागला, आणि ती एकरूपता केवळ नोंदवहीतली असू शकत नाही. ती जगावीच लागते.

शिलालेख :

जगावी लागते, पण जगून मिळवावी लागत नाही. आपल्याच मातीतील उदाहरण देतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि विधवांसाठी जे कार्य केले त्याला तोड नाही. तरीही नंतर लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगले. अलौकिक सेवा हाताशी असलेली बाई असे लिहिते, तेव्हा सेवेने जी शांती दिली नाही ती कोठून आली, हे विचारावेच लागते.

वसई किनारा :

रमाबाईंची साक्ष मीही आदराने वाचली आहे. आमच्याकडे मात्र कोणीही आपल्या अंतिम तारणाविषयी, खास प्रकटीकरणावाचून, चूक होऊच शकणार नाही अशी खात्री बाळगू नये असे ट्रेंटने सांगितले आहे, आणि शिलालेख यांना हे क्रूर वाटत असावे. मला ते तसे वाटत नाही. मरणशय्येवरील माणसाला आम्ही संस्कार देतो, क्षमेचे शब्द मोठ्याने उच्चारतो आणि देवाच्या दयेवर पूर्ण भिस्त ठेवायला सांगतो. आशा ही खात्रीहून कमी प्रतीची नाही. आपल्या खात्रीचा दुसरा धोकाही पाहा. इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय ज्यांना स्वर्गीय दानाची रुची मिळाली होती अशांच्या पतनाविषयी बोलतो, आणि मेथडिस्ट परंपरेनेही तो इशारा खरा मानला आहे.

शिलालेख :

तो इशारा मीही खरा मानतो. इशारे हे देवाने आपल्या लोकांना सांभाळण्याचे साधन आहे, आणि त्यांना माझ्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही हे अभिवचनही त्याच देवाचे आहे. मरणाऱ्याला ‘आशा ठेवा’ असे सांगण्याऐवजी ‘तुमच्यासाठी झाले आहे’ असे सांगता यावे, एवढ्यासाठी मी हा वाद घालतो.

पायवाट :

मरणाऱ्याला मीही तेच सांगेन. पण मंडळीत मरणाऱ्यांहून जगणारे अधिक असतात, आणि रमाबाईंची गोष्ट आपण १८९१ पाशी थांबवलीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या, तेथून शेकडो मुलींना आणले, आणि पुढे केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. त्या मुलींना अन्न आणि वस्त्र मिळाले, अक्षरओळख आणि हाताला काम मिळाले, आणि ख्रिस्ताची ओळखही मिळाली. यांतील कोणत्या भागाला तारण म्हणायचे आणि कोणत्या भागाला केवळ त्याचे फळ, हे त्या मुलींना विचारले असते तर त्यांनी कसे सांगितले असते? फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याने ‘माझे तारण व्हावे म्हणून मी काय करावे?’ असे विचारले. त्याला मिळालेले उत्तर, ‘प्रभू येशूवर विश्वास ठेव’, आपण दोघेही मानतो. त्यापुढे लिहिले आहे की रात्रीच्या त्याच घटकेस त्याने ज्यांना खोड्यात अडकवले होते त्यांच्या जखमा धुतल्या, आणि लगेच त्याचा बाप्तिस्मा झाला. ही हकीकत लिहिणाऱ्या लूकने या दोन गोष्टींमध्ये एका रात्रीचेही अंतर ठेवलेले नाही.