मदत हवी आहे: बांगड्याचा आणि माकुलाचा डोळा एकदाच घडला की दोनदा?

नमस्कार मंडळी,

मी मालवणकडे अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. परवा बाजारातून बांगडे आणि माकूल (स्क्विड) आणून मुलांसमोर दोघांचे डोळे उघडले. बांगड्याचं भिंग अख्खं निघालं, टणक गोळीसारखं. माकुलाचंही गोलच, पण चिमट्यात धरलं आणि त्याच्या सरळ दोन वाट्या झाल्या. मुलं बाकांवरून उठून पुढे आली.

मग मी त्यांना १९९५ सालचा प्रयोग सांगितला. स्वित्झर्लंडमध्ये बाझलला वॉल्टर गेहरिंग यांच्या प्रयोगशाळेत फळमाशीचं 'आयलेस' हे जनुक भलत्याच जागी चालू केलं, तर माशीच्या पंखांवर, पायांवर डोळे उगवले. उंदराचं तेच जनुक, म्हणजे पॅक्स-६, घातलं तरी डोळा आला, आणि तो माशीचाच. पुढे माकुलाच्या पॅक्स-६नेही तेच केलं. माणसात याची एक प्रत बिघडली तर बुबुळातला रंगीत पडदा नीट तयार होत नाही.

यावर एका मुलीने विचारलं, "मॅडम, जनुक एकच, तर डोळा एकदाच घडला ना? मग माकुलाचा आणि माशाचा डोळा स्वतंत्रपणे घडला असं का शिकवता?" मी विजेच्या बटणाचा दाखला दिला: बटण सारखंच, पण त्याने कुठे दिवा लागतो, कुठे पंखा. पण सगळ्यांकडे तेच बटण कसं, हे तिने लगेच विचारलं, आणि तिथे मी अडले. तिला अर्धवट उत्तर द्यायचं नाही. कुणी नीट उलगडून सांगेल का?

प्रतिसाद:

ताई, बटणापेक्षा मुकादम म्हणा. पॅक्स-६चं प्रथिन डीएनएवर ठरावीक जागी बसतं आणि इतर जनुकांना कामाला लावतं. माशीच्या पेशीत हाताखालची माणसं माशीची, म्हणून डोळा माशीचा. शिवाय तो एकटा पुरत नाही, 'साइन ऑक्युलिस', 'आइज ॲबसेंट' अशी जनुकं सोबत लागतात.

आता तिचा प्रश्न. मासा आणि माकूल यांचा समान पूर्वज ५० कोटी वर्षांहून जुना. त्याच्याकडे भिंगाचा डोळा नसावा, पण प्रकाश टिपणाऱ्या पेशी, त्यातलं ऑप्सिन हे प्रकाश टिपणारं प्रथिन आणि हा मुकादम बहुधा होता. म्हणजे प्रकाश टिपणं वारशाने आलं, भिंग मात्र ज्याने त्याने घरात होतं त्यातून केलं. माकुलाचं भिंग मुख्यतः ग्लुटाथिओन ट्रान्सफरेज या विषारी द्रव्यं निकामी करणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) भाऊबंदांचं. माशाच्या भिंगातलं अल्फा क्रिस्टलिन उष्णतेत इतर प्रथिनांना सांभाळणाऱ्या प्रथिनांच्या कुळातलं. बदकाने तर लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हे विकर जसंच्या तसं भिंगात भरलंय!

पुढच्या वेळी दृष्टिपटलही दाखवा. माशात मज्जातंतू प्रकाशाच्या वाटेत, प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या पुढून जातात, म्हणून आपल्यासारखाच त्यालाही अंधबिंदू, म्हणजे काही न दिसणारी जागा, असतो. माकुलात ते मागून निघतात, त्याला तो नाही.